सर्व्हरवरील डिस्कच्या कार्यक्षमतेचे मोजमाप : कमांड लाइनवरील साधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने यंत्रांकडे आणि ती घडविणाऱ्या व्यक्तींकडे गेलेले दिसते. कोणते यंत्र कोणत्या वर्षी तयार झाले, त्याची क्षमता किती होती, ते कोणी तयार केले याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु ही यंत्रे प्रत्यक्ष चालविणाऱ्यांनी त्यांच्या कामाचे मोजमाप कसे केले आणि त्या मोजमापावर विसंबून कोणते निर्णय घेतले, हा भाग त्या मानाने दुर्लक्षित राहिला. मोजमापालाही स्वतःचा इतिहास असतो. शेर, पायली, बिघा ही मापे एकाच नावाने निरनिराळ्या प्रांतांत व काळांत वेगवेगळी होती, हे महसुलाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. म्हणूनच जुन्या कागदात 'दहा बिघे' अशी नोंद आढळली की तो बिघा कोणता, हा प्रश्न तो प्रथम विचारतो. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्याला मात्र हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सर्व्हर म्हणजे जाळ्यातील इतर संगणकांना माहिती पुरविणारा संगणक होय. परीक्षेचे निकाल, प्रवेशअर्ज, ग्रंथालयाची सूची, बँकेचे व्यवहार अशी सर्व कामे आज सर्व्हरवर अवलंबून आहेत. सर्व्हर मंदावला की पहिला संशय डिस्कवर जातो. कारण प्रोसेसर व स्मृती यांच्या तुलनेत डिस्क हा त्यातील संथ घटक आहे. अशा वेळी व्यवस्थापक कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याच्या पडद्यावर, 'आयओस्टॅट' ही आज्ञा देतो. तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात ९९ किंवा १०० असा आकडा दिसतो. 'डिस्कची क्षमता संपली' असा निष्कर्ष निघतो आणि नव्या यंत्रसामग्रीच्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. हा निष्कर्ष एके काळी बरोबर होता. आज तो अनेकदा चुकीचा ठरतो. आज्ञा तीच, स्तंभ तोच, नावही तेच. मग अर्थ कसा बदलला, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) डिस्कच्या कार्यक्षमतेचे मोजमाप करणाऱ्या कमांड लाइनवरील प्रमुख साधनांच्या विकासाचा कालक्रमानुसार आढावा घेणे.

२) या साधनांतील 'व्यग्रतेची टक्केवारी' व 'सेवाकाळ' या संकल्पनांमागील यांत्रिक गृहीतके स्पष्ट करणे.

३) यंत्राची रचना बदलल्यानंतर त्या संकल्पनांच्या अर्थात झालेल्या बदलाची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. युनिक्स व लिनक्स या प्रणालींचे मूळ प्रोग्राम, आज्ञांच्या मार्गदर्शक पुस्तिका आणि कर्नेलसोबतचे दस्तऐवज अभ्यासकांना खुले आहेत. ऐतिहासिक कागदपत्रांना लावले जाणारे साधनचिकित्सेचे निकष येथे या सामग्रीला लावले आहेत.

विषय विवेचन :

१. एका हाताचे यंत्र

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये '३०५ रॅमॅक' हा संगणक जाहीर केला. त्यासोबतचे '३५० डिस्क स्टोरेज युनिट' हे व्यापारी उपयोगात आलेले पहिले डिस्कयंत्र मानले जाते. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ते विकसित झाले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर मिनिटाला १२०० फेरे घेत आणि सर्व मिळून ५० लक्ष अक्षरे साठवीत. मूळ रचनेत वाचन-लेखनाचा हात एकच होता. हा हात वरखाली सरकून हव्या त्या तबकडीपाशी जाई व मग तिच्यावरील हव्या त्या वर्तुळावर पोहोचे. कोणतीही नोंद मिळण्यास सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे.

नंतरच्या चुंबकीय डिस्कचा वेग कित्येक पटींनी वाढला. परंतु तिच्या कामाचे मूळ तत्त्व बदलले नाही. हात योग्य वर्तुळावर नेण्यास लागणारा शोधकाळ आणि हवी ती जागा फिरत हाताखाली येईपर्यंतचा फेरीचा काळ, या दोहोंची बेरीज म्हणजे डिस्कच्या कामाची किंमत होय. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सरासरी अर्धी फेरी ४.१७ मिलिसेकंदांची झाली. शोधकाळ ८.५ मिलिसेकंद धरल्यास एका विखुरलेल्या वाचनास सुमारे १२.७ मिलिसेकंद लागतील आणि सेकंदाला जेमतेम ७९ वाचने होतील. हात एकच असल्याने एका वेळी एकच काम होते व उरलेल्या मागण्या रांगेत थांबतात. डिस्कच्या मोजमापाची पुढील सर्व परिभाषा या एका हाताभोवती तयार झाली, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. युनिक्सचा जन्म आणि डिस्कचा प्रश्न

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या प्रयत्नांतून युनिक्स ही प्रणाली आकारास आली. हा आरंभ पीडीपी-७ या यंत्रावर झाला. थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये ब्रायन कर्निगन यांना दिलेल्या जाहीर मुलाखतीत या आरंभाची हकीकत सांगितली आहे. त्या यंत्राची डिस्क संगणकाच्या मानाने फार वेगवान होती. कोणत्याही डिस्ककडून, विशेषतः या डिस्ककडून, अधिकाधिक काम कसे करून घेता येईल यासाठी त्यांनी मागण्यांचा क्रम लावणारी एक पद्धती रचली. ती तपासून पाहण्यासाठी डिस्कवर कामाचा भार टाकणारे प्रोग्राम हवे होते. ते लिहीत असता संपूर्ण प्रणाली फक्त तीन आठवड्यांच्या अंतरावर आहे, असे त्यांच्या ध्यानात आले.

युनिक्सच्या उगमाची सांगड एरवी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या सोयीशी घातली जाते. या हकीकतीवरून मात्र डिस्कच्या कार्यक्षमतेची परीक्षा हेही त्या उगमातील एक महत्त्वाचे निमित्त होते असे दिसते.

३. घड्याळाच्या ठोक्यावर घेतलेली नोंद

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'आयओस्टॅट' ही आज्ञा आढळते. तिची कार्यपद्धती त्या आवृत्तीच्या मूळ प्रोग्राममधून स्पष्ट होते. डिस्क कामात असली की कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एका विशिष्ट जागी तशी खूण करीत असे. यंत्रातील घड्याळ सेकंदाला ६० ठोके देई. प्रत्येक ठोक्याला कर्नेल ती खूण पाही आणि डिस्क व्यग्र आढळल्यास संबंधित गणकात एकाची भर टाकी. आयओस्टॅट हे गणक वाचून टक्केवारी दाखवीत असे.

म्हणजेच हे सातत्याने केलेले मोजमाप नव्हते. ती नमुना पाहणी होती. रात्री ठरावीक वेळी फेरी मारून कोणते दुकान उघडे आहे याची नोंद करणाऱ्या पहारेकऱ्याप्रमाणे हे काम चाले. दोन फेऱ्यांमध्ये दुकान उघडून बंद झाले तर त्याची नोंद होत नसे. तरीही त्या काळाच्या दृष्टीने ही पद्धत पुरेशी होती. पीडीपी-११ यंत्रांवर वापरात असलेल्या आरके०५ या डिस्कला शोधकाळ सरासरी ५० मिलिसेकंद आणि फेरीचा काळ २० मिलिसेकंद, असे एका कामास सुमारे ७० मिलिसेकंद लागत. घड्याळाचे दोन ठोके साधारण १६.७ मिलिसेकंदांच्या अंतराने पडत. एका कामाच्या अवधीत चार ठोके पडत असल्यामुळे काम नजरेतून निसटण्याचा संभव अल्प होता. मोजपट्टी वस्तूच्या मानाने बारीक होती.

४. रांगेचे गणित

व्यग्रतेच्या टक्केवारीतून डिस्क कामात होती एवढेच कळते. मागणी करणाऱ्याला किती थांबावे लागले हे कळत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रांगेच्या गणितात आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील सरासरी संख्या ही येणाऱ्यांचा दर आणि प्रत्येकाचा एकूण थांबण्याचा काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. सेकंदाला २०० मागण्या येत असतील आणि प्रत्येक मागणी पुरी होण्यास १० मिलिसेकंद लागत असतील, तर कोणत्याही क्षणी सरासरी २ मागण्या अपुऱ्या असतील. हा नियम डिस्कला जितका लागू आहे तितकाच रेल्वे आरक्षणाच्या खिडकीलाही लागू आहे.

सिस्टिम फाइव्ह परंपरेतील युनिक्समध्ये आलेल्या 'सार' या आज्ञेत या विचाराला स्थान मिळाले. व्यग्रतेच्या टक्केवारीसोबत रांगेची सरासरी लांबी, सरासरी प्रतीक्षाकाळ आणि सरासरी सेवाकाळ हे स्तंभ तिच्या डिस्कविषयक तक्त्यात दिसू लागले. या आज्ञेचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तिच्या जोडीचा प्रोग्राम ठरावीक अंतराने आकडे गोळा करून रोजच्या रोज स्वतंत्र फाइलमध्ये जतन करतो. आयओस्टॅट चालू क्षण दाखविते. सार मागील दिवसांचे दप्तर राखते. सर्व्हर आज मंदावला असता 'पूर्वी कसा होता' या प्रश्नाचे उत्तर केवळ असे दप्तरच देऊ शकते. दप्तर नसल्यास तुलनेचा आधारच उरत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस या प्रणालीने १९९० च्या दशकात हे मोजमाप अधिक काटेकोर केले. तेथे मागणी रांगेत शिरण्याच्या व बाहेर पडण्याच्या प्रत्येक घटनेला वेळेची नोंद होऊ लागली. कर्नेलमध्ये थांबलेल्या मागण्यांची रांग आणि यंत्राकडे सोपविलेल्या मागण्यांची रांग वेगळी दाखविण्यात आली. घड्याळाच्या ठोक्यावर विसंबण्याची गरज तेथे राहिली नाही.

५. लिनक्समधील अकरा आकडे

१९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स प्रणालीत आरंभी डिस्कविषयी फार त्रोटक माहिती मिळत असे. कर्नेलच्या २.४ मालिकेच्या काळात स्टीफन ट्वीडी यांनी अधिक विस्तृत नोंदी ठेवणारी भर तयार केली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत 'डिस्कस्टॅट्स' या नावाची फाइल सर्वांसाठी उपलब्ध झाली. प्रत्येक डिस्कसाठी तीत अकरा आकडे होते. पूर्ण झालेली वाचने, एकत्र केलेली वाचने, वाचलेले विभाग व वाचनात गेलेला काळ असे चार आकडे. लेखनाचे तसेच चार. त्यानंतर या क्षणी अपुऱ्या असलेल्या मागण्या, डिस्क कामात असलेला एकूण काळ आणि रांगेच्या लांबीने गुणलेला काळ. पुढे २०१८ मधील ४.१८ या आवृत्तीत चार आणि २०२० मधील ५.५ या आवृत्तीत दोन आकड्यांची भर पडून त्यांची संख्या सतरा झाली.

अपुऱ्या मागण्यांचा आकडा सोडल्यास हे सर्व आकडे विजेच्या मीटरप्रमाणे सतत वाढत जातात. सेबास्तिएन गोदार यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या 'सिसस्टॅट' या संचातील आयओस्टॅट हे दोन वेळचे आकडे घेते, चालू आकड्यातून मागील आकडा वजा करते आणि मधल्या काळाने भागते. या कृतीमुळे एक बारकावा निर्माण होतो. आयओस्टॅटचा पहिला तक्ता सर्व्हर सुरू झाल्यापासूनच्या संपूर्ण काळाची सरासरी दाखवितो. सर्व्हर शंभर दिवस चालू असेल तर आजच्या एका तासाची अडचण त्या सरासरीत दिसेनाशी होते. खऱ्या परिस्थितीचे चित्र दुसऱ्या तक्त्यापासून दिसते. केवळ पहिला तक्ता पाहून काढलेला निष्कर्ष हा गॅझेटिअरवरून कालच्या बाजारभावाचा अंदाज करण्यासारखा आहे.

जुन्या मापाचे अवशेष या फाइलमध्येही आहेत. तीतील 'विभाग' हा नेहमी ५१२ बाइटचाच धरला जातो. ४०९६ बाइटचे विभाग असलेल्या डिस्क २०१० नंतर सर्वत्र प्रचारात आल्या, तरी हिशेबाचे माप तेच राहिले.

६. यंत्र बदलले, नाव राहिले

१९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र करून एकच मोठी डिस्क भासविण्याची 'रेड' ही संकल्पना मांडली. येथे एका हाताच्या गृहीतकाला पहिला तडा गेला. आठ डिस्कचा असा समूह सर्व्हरला एकच डिस्क म्हणून दिसत असेल, तर व्यग्रतेची टक्केवारीही एकच दिसते. आठांपैकी कोणती तरी एक डिस्क सतत कामात असली की आकडा १०० होतो. उरलेल्या सात रिकाम्या असल्या तरी त्यात फरक पडत नाही.

घन अवस्थेतील साठवण, म्हणजे एसएसडी, आल्यावर हातच नाहीसा झाला. फिरणारी तबकडी नाही, शोधकाळ नाही आणि आतील अनेक चिप एकाच वेळी काम करू शकतात. जुन्या साटा जोडणीवर डिस्कला एका वेळी ३२ मागण्या सोपविता येत. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हीएमई या मानकाने सुमारे ६५ हजार रांगांची आणि प्रत्येक रांगेत सुमारे ६५ हजार आज्ञांची मुभा दिली. लिनक्सनेही जानेवारी २०१४ मधील ३.१३ या आवृत्तीपासून एकाच रांगेऐवजी अनेक रांगांची रचना स्वीकारली.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका एसएसडीला प्रत्येक वाचनास ०.१ मिलिसेकंद लागतो आणि ती ३२ वाचने एकाच वेळी करू शकते, असे समजू. एखाद्या प्रोग्रामने एकामागून एक, खंड न पडू देता, वाचने केली तर सेकंदाला १०,००० वाचने होतील आणि व्यग्रता १०० टक्के दिसेल. तसेच ३२ प्रोग्राम एकत्र चालविले तर सेकंदाला ३,२०,००० वाचने होतील. व्यग्रता तेव्हाही १०० टक्केच दिसेल. पहिल्या स्थितीत 'क्षमता संपली' असा निष्कर्ष काढणाऱ्याने प्रत्यक्षात क्षमतेचा बत्तिसावा भागच वापरलेला असतो. हा आकडा खोटा नाही. 'किमान एक मागणी अपुरी होती असा काळ' एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तेवढे तो अचूक सांगतो. एका हाताच्या यंत्रात या वाक्याचा अर्थ 'यंत्राला आता आणखी काम झेपणार नाही' असा होत असे. यंत्र बदलले तेव्हा हा दुसरा अर्थ गळून पडला.

सेवाकाळाच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी बिकट झाली. लिनक्सवरील आयओस्टॅट सेवाकाळ प्रत्यक्ष मोजत नसे; व्यग्र काळाला पूर्ण झालेल्या मागण्यांच्या संख्येने भागून तो काढीत असे. वरील उदाहरणातील दुसऱ्या स्थितीत हा भागाकार सुमारे ०.००३ मिलिसेकंद येतो. प्रत्येक वाचनास ०.१ मिलिसेकंद लागत असताना एकाही मागणीच्या वाट्याला न आलेला हा काळ तक्त्यात मात्र अधिकृतपणे छापला जाई. सिसस्टॅटच्या मार्गदर्शक पुस्तिकेत या स्तंभावर विश्वास ठेवू नये व तो पुढे काढला जाईल, असा इशारा अनेक वर्षे छापलेला होता. नंतर आयओस्टॅटच्या तक्त्यातून तो स्तंभ खरोखरच काढण्यात आला. व्यग्रतेचा स्तंभ राहिला. परंतु रेड व आधुनिक एसएसडी यांसारख्या समांतर काम करणाऱ्या साधनांच्या बाबतीत हा आकडा त्यांच्या क्षमतेची मर्यादा दाखवीत नाही, असा खुलासा पुस्तिकेत जोडला गेला. तक्ता पाहणाऱ्यांपैकी पुस्तिका वाचणारे किती, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

७. सरासरीकडून घटनेकडे

सरासरी हे या सर्व साधनांचे समान व्यवच्छेदक लक्षण होय. एक हजार मागण्यांपैकी ९९० मागण्यांना १ मिलिसेकंद व १० मागण्यांना ५०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी सुमारे ६ मिलिसेकंद येते. प्रत्यक्षात ६ मिलिसेकंद एकाही मागणीला लागलेले नाहीत. आणि ज्या दहा मागण्यांना अर्धा सेकंद लागला त्यांच्याच मागे बसलेले लोक तक्रार करीत असतात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर आतापर्यंतची साधने खतावणी देत होती. रोजकीर्द कोणी देत नव्हते.

ही रोजकीर्द २००५ नंतर उपलब्ध झाली. त्या वर्षी आलेल्या सोलारिस १० मध्ये ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो व ॲडम लेव्हेंथल यांनी विकसित केलेले 'डीट्रेस' हे साधन होते. चालू प्रणालीत, ती न थांबविता, हव्या त्या घटनेची नोंद त्यामुळे घेता येऊ लागली. ब्रेंडन ग्रेग यांनी त्यावर आधारलेली अनेक छोटी साधने तयार केली. २००८ च्या अखेरीस ग्रेग यांनी प्रसिद्ध केलेली एक चित्रफीत या संदर्भात उल्लेखनीय आहे. तीत ते डिस्कच्या समूहासमोर उभे राहून मोठ्याने ओरडतात आणि डीट्रेसवर आधारलेल्या आलेखात काही मागण्यांचा काळ त्याच क्षणी वाढलेला दिसतो. आवाजाच्या कंपनाने फिरत्या डिस्कच्या कामात अडथळा आला होता. मागण्यांचा काळ विखुरलेल्या ठिपक्यांच्या रूपात दाखविल्यामुळेच हा परिणाम नजरेस पडला. एका सरासरीत तो सहज लपला असता.

लिनक्समध्ये येन्स आक्सबो यांचे 'ब्लकट्रेस' हे साधन २००६ मधील २.६.१७ या आवृत्तीपासून प्रत्येक मागणीचा प्रवास नोंदवू लागले. २००७ मधील २.६.२० या आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रामनिहाय वाचन-लेखनाचा हिशेब आला. त्यामुळे 'डिस्क कोण वापरीत आहे' या प्रश्नाचे उत्तर 'आयओटॉप' या आज्ञेने देता येऊ लागले. २०१४ नंतर कर्नेलमध्ये विस्तारलेल्या बीपीएफ यंत्रणेवर 'बायोलेटन्सी' हे साधन तयार झाले. किती मागण्यांना किती काळ लागला याचे वितरण ते कमांड लाइनवरच ताऱ्यांच्या आडव्या पट्ट्यांनी दाखविते. वरील उदाहरणातील ९९० व १० हे दोन गट त्यात स्वतंत्र दिसतात.

८. पुन्हा घड्याळाकडे

मोजमापाचा इतिहास सतत अचूकतेकडेच जातो, असा समज होण्याची शक्यता आहे. मार्च २०१९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.० या आवृत्तीने तो खोडून काढला. सेकंदाला लाखो मागण्या पुरविणाऱ्या डिस्क आल्यावर प्रत्येक मागणीसाठी सर्व प्रोसेसरांमध्ये सामाईक असलेले गणक अद्ययावत ठेवणे महाग पडू लागले. मोजमापाचाच भार कामाला जड होऊ लागला. त्यामुळे व्यग्र काळाचा काटेकोर हिशेब सोडून देण्यात आला आणि ज्या घड्याळाच्या टप्प्यात किमान एक मागणी सुरू झाली किंवा पूर्ण झाली, असे टप्पे मोजण्याची पद्धत आली. ही मोजणी कमी काटेकोर आहे, हे त्या बदलाच्या शीर्षकातच मान्य करण्यात आले होते. एकाच वेळी अनेक मागण्या चालू असून त्या दोनहून अधिक टप्पे रेंगाळल्या, तर काही काळ हिशेबाबाहेर राहू शकतो, असे कर्नेलचे दस्तऐवज सांगते. संथ डिस्कसाठी या अंदाजात पुढे सुधारणाही करण्यात आल्या.

अशा रीतीने १९७९ मधील घड्याळाच्या ठोक्याशी चाळीस वर्षांनी पुन्हा नाते जुळले. फरक एवढाच की, तेव्हा घड्याळाचा ठोका डिस्कच्या एका कामापेक्षा बारीक होता. आता डिस्कचे एक काम ठोक्यापेक्षा कितीतरी बारीक आहे. फाइलमधील आकड्याची जागा व आयओस्टॅटमधील स्तंभाचे नाव यांत मात्र काहीही बदल झाला नाही. २०१८ चा आणि २०२० चा तक्ता शेजारी ठेवून व्यग्रतेची तुलना करणारा अभ्यासक नकळत दोन वेगळ्या बिघ्यांची तुलना करीत असतो.

निष्कर्ष :

१) 'व्यग्रतेची टक्केवारी' ही संकल्पना एका वेळी एकच काम करणाऱ्या फिरत्या डिस्कसाठी योग्य होती. समांतर काम करणाऱ्या साधनांवर ती क्षमतेचा निदर्शक राहत नाही. केवळ तिच्या आधारे खरेदीचा निर्णय घेणे युक्त नाही.

२) या संकल्पनेचा अर्थ दोन प्रकारे बदलला : प्रथम मोजली जाणारी वस्तू बदलल्यामुळे आणि नंतर मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे. दोन्ही वेळी नाव कायम राहिल्याने बदल सहजासहजी लक्षात आला नाही.

३) मागणी पूर्ण होण्यास लागलेला काळ हे माप यंत्रबदलानंतरही अर्थपूर्ण राहिले, कारण ते यंत्राच्या रचनेऐवजी थांबणाऱ्याच्या अनुभवाशी निगडित आहे. वाचन व लेखन यांचे काळ वेगळे पाहणे, तसेच सरासरीसोबत वितरणही पाहणे इष्ट ठरते.

४) मोजमाप कोठे घेतले हेही महत्त्वाचे आहे. आयओस्टॅट कर्नेलच्या डिस्कलगतच्या स्तरावर मोजते. अनेक लेखने प्रथम स्मृतीत ठेवली जाऊन नंतर डिस्कवर जातात आणि अनेक वाचने डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे डिस्कवरील काळ आणि वापरणाऱ्याला जाणवणारा काळ एकच असेल असे नाही.

५) मागील नोंदींचे जतन केल्याखेरीज आजच्या आकड्याला संदर्भ मिळत नाही. सारसारख्या साधनाचे दप्तर सर्व्हर सुरळीत चालू असतानाच राखले पाहिजे, आणि त्या दप्तरासोबत कर्नेलची आवृत्ती व डिस्कचा प्रकार यांचीही नोंद असली पाहिजे.

समारोप :

आकडा हा स्वयंसिद्ध पुरावा मानण्याची प्रवृत्ती संगणकाच्या क्षेत्रात अधिक आढळते. कारण तेथील आकडा यंत्राने दिलेला असतो. परंतु काय मोजावे, केव्हा मोजावे आणि त्यास कोणते नाव द्यावे हे माणसांनीच, त्यांच्या काळातील यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून, ठरविलेले असते. त्या अर्थाने आयओस्टॅटचा तक्ता हाही एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यातील प्रत्येक स्तंभ कोणत्या यंत्रासाठी आखला गेला हे जाणून घेतल्याखेरीज त्याचे वाचन पूर्ण होत नाही. जुन्या कागदाला विचारावयाचे प्रश्न सर्व्हरच्या पडद्यालाही विचारता येतात. ते विचारले गेले तर अनाठायी खर्च टळेल आणि ज्यांच्यासाठी सर्व्हर चालविला जातो त्यांची प्रतीक्षाही कमी होईल.